एकट्यानें नृत्योत्सवास जातांना

गेल्या वर्षींच्या दसऱ्याची गोष्ट. केळापूरच्या जगदंबेचें दर्शन घेऊन आम्ही मंडळी पांढरकवड्यास घरीं परतलों होतों. लहानांनीं मोठ्यांस सोनें देऊन नमस्कार करावा, मोठ्यांनीं त्यांच्या हातावर पेढा ठेवावा, असा नेहमींचा क्रम चालला असतां स्टॉकहोमहून नातीचा फोन आला. नोकरीनिमित्त ती दोन वर्षें तेथें राहते. पडद्यावरूनच तिनें सर्वांना नमस्कार केला आणि मग, बाजारांत भाजी आणावयास निघालें आहें अशा सहजपणें, ती म्हणाली, "आजोबा, पुढच्या जुलैंत मी हेरेंग नांवाच्या गांवीं एका नृत्योत्सवाला जाणार आहें. स्विंग म्हणून नाच असतो, त्याचा उत्सव. सोबत कोणी नाहीं. एकटीच जाणार आहें."

आमचें कुटुंब एकत्र आहे. येथें एकाचा प्रश्न हा चौदा माणसांचा प्रश्न होतो. सूनबाईंच्या हातांतील पेढ्यांचें ताट तसेंच राहिलें. चिरंजीवांनीं विचारलें, "नाचायचें तें कोणाबरोबर?" नात म्हणाली, "ज्या गाण्याला जो पुढें येईल त्याच्याबरोबर, बाबा. गाणें संपलें कीं दुसरा." या उत्तरानें चिरंजीवांचें समाधान होण्याचें कारण नव्हतें. परदेश, रात्रीची वेळ, अनोळखी माणसें आणि सोबत कोणी नाहीं, या चार गोष्टी एकत्र आल्यावर कोणत्या बापाच्या कपाळास आंठी पडणार नाहीं? घरांत थोडी बोलाचाली झाली. शेवटीं "आजोबा सांगतील तें," असें नातीनें म्हटलें, आणि "बाबा सांगतील तें," असें चिरंजीवांनींहि म्हटलें. दोन्ही पक्षांनीं एकच पंच नेमला म्हणजे पंचाची पंचाईत होते. मीं दिवाळी होईपर्यंतची मुदत मागून घेतली.

मुदत मागण्यास दोन कारणें होतीं. ज्या गोष्टीवर निकाल द्यावयाचा ती मला ठाऊकच नव्हती, हें पहिलें. दुसरें कारण थोडें लाजिरवाणें आहे. तें ओघानें पुढें येईल.

पहिल्या कारणाचा परिहार वाचनानें झाला. स्विंग हें मुळांत संगीताचें नांव. १९२० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेंतील कृष्णवर्णीय वादकांनीं जाझ संगीतास जी एक झोकेदार लय दिली, तिला स्विंग म्हणूं लागले. आणि त्या लयीवर जे जोडीचे नाच निघाले त्यांनाहि तेंच नांव पडलें. त्यांतील मुख्य नाच 'लिंडी हॉप'. १९२७ सालीं चार्ल्स लिंडबर्ग यानें एकट्यानें विमान चालवून अटलांटिक महासागर ओलांडला. त्याच्या नांवावरून या नाचास नांव मिळालें असें सांगतात. एकटीनें निघालेल्या मुलीचा नाच एकट्या प्रवाशाच्या नांवाचा असावा, याची मला गंमत वाटली.

या नाचाचें माहेरघर म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागांतील सॅव्हॉय नांवाचें नृत्यगृह. तें १२ मार्च १९२६ रोजीं उघडलें आणि १९५८ सालीं बंद झालें. त्या काळीं अमेरिकेंत काळ्या व गोऱ्या लोकांना एका जागीं नाचण्यास बहुतेक नृत्यगृहांत मज्जाव असे; सॅव्हॉयच्या दारांत मात्र दोघांनाहि प्रवेश होता. फ्रँकी मॅनिंग (१९१४-२००९) हा तेथील नामांकित नर्तक. पुढें स्विंगचे दिवस सरले, तेव्हां या गृहस्थानें १९५५ पासून सुमारें तीस वर्षें टपालखात्यांत नोकरी केली. १९८० नंतरच्या दशकांत स्वीडन, इंग्लंड व अमेरिका येथील तरुण मंडळी या विसरलेल्या नाचाचे जुने जाणकार शोधीत निघाली, ती त्याच्यापर्यंत पोंचली. आणि सत्तरी ओलांडलेला हा मनुष्य देशोदेशीं शिकवीत हिंडूं लागला. हेरेंग हें स्टॉकहोमच्या उत्तरेस सुमारें शंभर किलोमीटरवरील लहानसें गांव. १९८२ पासून तेथें नृत्यशिबिर भरत आलें आहे. उन्हाळ्यांत नाना देशांचे लोक तेथें जमून दिवसा शिकतात आणि रात्रीं नाचतात; रात्र म्हणावयाची इतकेंच, कारण त्या अक्षांशावर जुलैंत काळोख असा फारसा पडतच नाहीं. मॅनिंग तेथेंहि अनेक वर्षें शिकवीत असे.

हें संगीत आपणांस अगदींच परकें आहे असें मात्र नव्हे. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत अमेरिकेंतील कृष्णवर्णीय वादकांचे ताफे वाजवूं लागले. गोव्याकडील वादक त्यांचें ऐकून तयार झाले, आणि तेच पुढें हिंदी बोलपटांच्या वाद्यवृंदांत बसले. चिक चॉकलेट या नांवानें प्रसिद्ध असलेले अंतोनियो व्हाझ हे त्यांतलेच. अहिल्यानगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांच्या १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटांत चिक चॉकलेट पडद्यावर वाजवितांना दिसतात आणि भगवानदादा पालव नाचतात. आमच्या पिढीनें भगवानदादांच्या त्या चालीवर लग्नाच्या वरातींत पाय हलविले. ती लय कोठून आली हें मात्र आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

नातीनें पाठविलेली नाचाची चित्रफीत मीं सौ.ला दाखविली. तिनें ती दोनदां पाहिली आणि म्हणाली, "अहो, ही तर फुगडी!" मीं विचारलें, ती कशी? ती म्हणाली, "हात धरायचे, पाय जवळ ठेवायचे आणि अंग मागें टाकायचें. जितक्या भारानें मी मागें जातें तितक्याच भारानें समोरची मला तोलून धरते. एकीनें हात सोडला तर दोघीहि पडतात. यांचेंहि तसेंच चाललें आहे. भुलाबाईच्या दिवसांत नि मंगळागौरीला मीं किती जणींशीं फुगडी घातली, त्यांतल्या निम्म्यांचीं नांवें मला आजहि ठाऊक नाहींत. हात कसा धरते एवढें कळलें कीं पुरे." चिरंजीव जवळच होते. ते म्हणाले, "आई, पण त्या सगळ्या बायका होत्या." यावर सौ. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "हो, तें खरें." त्या मुद्द्याचें उत्तर त्या दिवशीं आमच्यापैकीं कोणाजवळच नव्हतें.

आतां दुसरें कारण. माझी सारी नोकरी केळापूर तालुक्यांतच झाली. या तालुक्यांत गोंड व कोलाम यांची वस्ती बरीच आहे. कोलामांच्या वाडीला आमच्याकडे 'पोड' म्हणतात. दिवाळीच्या आधीं आठ-दहा दिवस या वस्त्यांतून ढोल घुमूं लागतात. ही दंडार. झाडीपट्टींत दंडार या नांवाचें लोकनाट्य आहे. आमच्या भागांतली दंडार हा मुख्यतः नाच आणि त्याच्या जोडीला सोंगें. त्यांतील प्रमुख नर्तकास घुसाडी म्हणतात. त्याच्या मस्तकावर मोरपिसांचा भला मोठा टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडें, कमरेला व पायांत घुंगरें आणि हातांत सोटा. दंडार चालू असेपर्यंत अंगावरची राख तो धुवीत नाहीं. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूस हाच उत्सव दंडारी या नांवानें फार थाटांत होतो.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. सहामाही परीक्षा दिवाळीच्या तोंडावर आली होती. आठवींतील पांच मुलें परीक्षेला आलीं नाहींत. चौकशी करतां तीं दंडारींत गेल्याचें समजलें. सुटीनंतर तीं परत आलीं तेव्हां मीं त्यांना आठ दिवस वर्गाबाहेर उभें केलें. "नाचायला पाय आहेत ना, मग उभें राहायलाहि असतील," असें मीं म्हणालों, आणि सारा वर्ग हंसला. चार मुलांनीं शिक्षा पुरी केली. पांचवा चौथ्या दिवशीं आला नाहीं, पुढेंहि कधीं आला नाहीं. मीं त्याच्या घरीं जाऊन चौकशी केली नाहीं. हजेरीपटांतून त्याचें नांव यथाकाल कमी झालें. येथें शाळेचा दोष नव्हता. तसा नियमहि नव्हता. तें सर्व माझ्या अकलेनें झालें.

त्या चौघांतला एक जण आज पांढरकवड्यांत मोटारसायकली दुरुस्त करतो. दर दिवाळीस तो घरीं येऊन नमस्कार करतो आणि म्हणतो, "गुर्जी, यंदा या आमच्या दंडारीले." आणि दर वर्षीं मी "पाहूं, पाहूं" म्हणून त्याची बोळवण करीत आलों. स्वीडनमध्यें एकटीनें नाचास जावें कीं नाहीं याचा निकाल मी देणार, आणि दहा कोसांवरच्या नाचास तीस वर्षें बोलावणें असून मी गेलों नाहीं! मीं त्याला निरोप धाडला, यंदा येतों.

घरांतून बरोबर येण्यास कोणी तयार नव्हतें. दिवाळीचीं कामें होतीं. वसुबारसेच्या दोन दिवस आधीं दुपारच्या एस.टी.नें मी एकटाच पाटणबोरीच्या बाजूस निघालों. वाटेनें दुतर्फा कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बाया ओटींत भर घालीत ओळीनें सरकत होत्या. तूर फुलावर होती. पिशवींत सौ.नें दशम्या, लोणचें आणि पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या होत्या. पोटाला बाधूं नये म्हणून, असें मीं मनाशीं म्हटलें. पण माणसानें साठीनंतर स्वतःशीं खोटें बोलूं नये. पोट हें निमित्त होतें; दुसऱ्याच्या चुलीवरचें न खाण्याची तीन पिढ्यांची संवय पिशवींत बसून माझ्याबरोबर निघाली होती.

गांवांत पोंचलों तेव्हां दिवस कलला होता. माझा विद्यार्थी वेशीवर उभा होता. एका म्हातारीनें मला आपादमस्तक न्याहाळून विचारलें, "संगं कोन हाय?" मीं सांगितलें, कोणी नाहीं, एकटाच आलों. "एकटा कायले?" ती म्हणाली. तिच्या स्वरांत संशय नव्हता, काळजी होती. जणूं मी आजारीच आहें. तिनें आपल्या सातआठ वर्षांच्या नातवाला हांक मारली आणि त्याला माझ्याजवळ बसविलें. त्या रात्रीं तो मुलगा माझ्यापासून हालला नाहीं. मागाहून मला कळलें कीं दंडारींत कोणी एकटा जात नसतो. एक गांव दुसऱ्या गांवाकडे पाहुणें म्हणून जातें. ज्यांच्याशीं सोयरीक होऊं शकते अशा गांवांकडे मुख्यतः जातात, आणि पुष्कळ लग्नें या दिवसांतच जुळतात. एकट्या आलेल्या माणसाला एकटें बसूं द्यावयाचें नाहीं, हा त्या म्हातारीच्या दृष्टीनें साधा शिष्टाचार होता.

अंधार पडल्यावर पाहुण्या गांवाचें पथक आलें. पुढें घुसाडी, मागें ढोल, गुमेला आणि सनईच्या जातीचें पेपरे नांवाचें वाद्य, त्यामागें काठ्या घेतलेले तरुण, आणि स्त्रीवेष घेतलेले कांहीं मुलगे. यजमानांनीं वेशीवर जाऊन त्यांना रामराम केला आणि आंत आणलें. नाच सुरू होण्यापूर्वीं वाद्यांची व टोपांची पूजा झाली. मोरपिसांचा टोप हा त्यांच्या लेखीं शोभेचा नव्हे, देवाचा आहे. घुसाडीचा सोटा अंगाला लागला तर दुखणें जातें अशी श्रद्धा असल्यामुळें बायका कडेवरचीं मुलें घेऊन पुढें येत होत्या. घुसाडी कधीं मुलांच्या अंगावर धांवून जाई, कधीं म्हाताऱ्यांची नक्कल करी, आणि दुसऱ्याच क्षणीं घुंगरांचा असा ठेका धरी कीं सारें अंगण गप्प होई.

मी भिंतीला टेकून पाहत होतों. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'च्या चौथ्या अंकांत दंडरासाचें वर्णन आहे. तें मीं तरुणपणीं टीकेसह वाचलें होतें आणि त्यावर वाचनालयांत एकदां व्याख्यानहि दिलें होतें. काठीवर काठी कशी पडते हें मात्र मीं प्रथमच पाहिलें.

मध्यरात्रीच्या सुमारास वाद्यें थांबलीं. जेवणाची वेळ झाली. गुमेला वाजविणारा गृहस्थ वाद्य खालीं ठेवून माझ्याकडे आला. कानशिलावर केंस पिकलेले, अंग घामानें भिजलेलें. त्यानें वांकून नमस्कार केला आणि विचारलें, "गुर्जी, जेवले का तुमी?" मीं त्याला ओळखलें नाहीं. माझा विद्यार्थी हळूच म्हणाला, "पाचवा, गुर्जी."

काय बोलावें तें मला सुचेना. मी म्हणालों, "तुला मीं वर्गाबाहेर उभें केलें होतें." तो म्हणाला, "हो, आठवते." तो रागावून म्हणाला नाहीं, आणि 'जाऊं द्या गुरुजी' असेंहि म्हणाला नाहीं. आठवतें, एवढेंच. मग तो म्हणाला, "चला, ताट वाढलं." पिशवी भिंतीशीं तशीच राहिली. ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण आणि अंबाडीची भाजी मीं त्याच्या शेजारीं बसून खाल्ली. दशम्या दुसऱ्या दिवशीं त्या म्हातारीच्या नातवानें आणि त्याच्या मित्रांनीं संपविल्या.

पहांटे मोठ्या माणसांचा ढेमसा झाला. एकमेकांच्या कमरेमागें हात घालून पुरुषांची एक ओळ आणि बायकांची एक ओळ अर्धवर्तुळानें सरकत होती. पाचव्यानें मला उठविलें. "मला येत नाहीं," मी म्हणालों. शिक्षकाच्या तोंडीं हें वाक्य फार कमी वेळां येतें. तो म्हणाला, "पाय पाहू नका, बाजूच्याचा भार घ्या." मीं वहाणा काढल्या आणि तीन फेरे धरले. माझे गुडघे चौथ्या फेऱ्यास तयार नव्हते. पण जे तीन धरले त्यांत मीं पडलों नाहीं, कारण दोन्ही बाजूंनीं मला तोललेलें होतें. सौ.च्या फुगडीचा अर्थ मला त्या वेळीं कळला.

उजाडल्यावर टोप उतरवून ठेवतांना मीं एका वृद्धास विचारलें, मोराला तुमच्या बोलींत काय म्हणतां? तो म्हणाला, "मल." परतीच्या एस.टी.त हा शब्द माझ्या मनांत घोळत राहिला. 'मयूर' शब्द ऋग्वेदांत आलेला आहे. आणि तो मूळचा द्राविड भाषाकुळांतून संस्कृतांत आला असावा, असें अनेक भाषापंडितांचें मत आहे. तमिळ भाषेंत मोरास 'मयिल' म्हणतात, आणि गोंडी व कोलामी या दोन्ही भाषा त्याच द्राविड कुळांतल्या. ज्या वर्गांत मी 'मयूरः'ची विभक्ति चालवीत होतों, त्याच वर्गाबाहेर त्या शब्दाच्या आजोळचीं मुलें मीं उभीं केलीं होतीं. मीं जें शिकवीत होतों त्याचें मूळ कोठें आहे हें त्यांना ठाऊक नव्हतें, आणि मलाहि नव्हतें. मात्र पगार मला मिळत होता.

परक्या माणसानें अशा उत्सवांत कसें वागावें याचीं उदाहरणें आमच्या शेजारींच आहेत. ऑस्ट्रियांत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्या वेळच्या हैदराबाद संस्थानांतील मार्लवाई या गोंड गांवीं येऊन राहिले, लोकांची भाषा शिकले, आणि १९४८ सालीं आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या पत्नी बेटी १९८७ सालीं वारल्या. त्यांची समाधि मार्लवाईलाच आहे. त्याच मार्लवाईचे कनक राजू यांनीं घुसाडी नाच पिढ्यान्पिढ्यांच्या मुलांस शिकविला. २०२१ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्यें, ऐन दंडारीच्या दिवसांत, ते निवर्तले. मी ज्याला शाळाबुडवेपणा म्हणालों त्याच विद्येचे ते गुरुजी होते.

भाऊबीज झाल्यावर मीं चिरंजीवांस बोलावलें. मी म्हणालों, "सोबत आहे कीं नाहीं हा प्रश्न दुसरा. त्या उत्सवाला रीत आहे कीं नाहीं, हा पहिला. जेथें रीत असते तेथें एकट्याला सांभाळणारें कोणीतरी असतें. जेथें रीत नसते तेथें दहा जणांची सोबतहि कामाची नाहीं. नातीला तीन गोष्टी विचारा. नको म्हणतां येतें का? कांहीं वावगें घडलें तर तक्रार ऐकणारें माणूस कोण? आणि निजण्याची जागा कोठें, कशी?" चिरंजीवांनीं तिघा प्रश्नांचीं उत्तरें मागविलीं. नाच मागावयास कोणीहि येऊं शकतो आणि 'नको' म्हणण्यास कारण द्यावें लागत नाहीं. गाणें संपलें कीं आभार मानून हात सोडतात. बायका बायकांबरोबरहि नाचतात. तक्रारीसाठीं माणसें नेमलेलीं असतात. मुक्काम इतर स्त्रियांबरोबर होता. चिरंजीव म्हणाले, "ठीक आहे." त्यांचें पूर्ण समाधान झालें असें मी म्हणणार नाहीं. त्या आठवड्यांत त्यांनीं रोज दोनदां फोन केला, आणि मीं त्यांना हटकलें नाहीं.

नात जुलैंत जाऊन आली. पहिल्या रात्रीं, ती सांगते, दोन तास ती कोपऱ्यांतल्या बाकावर बसून होती आणि पहिल्या गाडीनें परत जावेंसें तिला वाटत होतें. मग सत्तरीच्या एक बाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीं हात पुढें केला. त्यानंतर तिला बाकाची आठवण झाली नाहीं. आठवड्याभरांत दोनदां तिनें नको म्हटलें. कोणी वाईट मानलें नाहीं. "आजी, अगदीं फुगडीच," असें तिनें सौ.ला सांगितलें, तेव्हांपासून सौ. या विषयांतील तज्ज्ञ झाली आहे.

आमच्या वाचकांच्या घरांतूनहि कोणी तरुण किंवा म्हातारा अशा उत्सवास एकटा निघाला, तर दोन अनुभवाच्या गोष्टी सांगतों. शक्यतों कोणाच्या तरी बोलावण्यावरून जावें. बोलावणें नसेल तर आधीं कळवून जावें. दिवस मावळण्यापूर्वीं पोंचावें आणि परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवावी. घरच्या एका माणसास मुक्कामाचा पत्ता व यजमानांचा फोन देऊन ठेवावा. जेथें नाच देवाचा आहे तेथें टोपाला, वाद्याला हात लावूं नये आणि विचारल्यावांचून छायाचित्र घेऊं नये. रिकाम्या हातानें जाऊं नये. काय न्यावें हें यजमानांसच विचारावें. मला माझ्या विद्यार्थ्यानें नारळ आणि धान्य सांगितलें, तें मीं नेलें. नको म्हणण्याची लाज बाळगूं नये आणि दुसऱ्यानें नको म्हटलें तर मनास लावून घेऊं नये. आणि मुख्य म्हणजे, रात्रभर भिंतीला टेकून राहूं नये. तसें राहणारा मनुष्य घरून एकटा निघतो आणि एकटाच घरीं परततो. मधल्या रात्रीचा त्याला कांहीं लाभ होत नाहीं.

यंदाचें बोलावणें परवांच आलें. माझा विद्यार्थी आला होता, आणि त्याच्याबरोबर पाचवाहि होता. तो आमच्या घरीं प्रथमच आला. सौ.नें दोघांना पोहे दिले. शाळेविषयीं कोणी कांहीं बोललें नाहीं. जातांना त्यानें विचारलें, "गुर्जी, अवंदाहि एकटेच का?" चिरंजीव आंतून म्हणाले, "नाहीं, मीहि येतों आहें."